पत्र्याच्या घरातला गारवा

खरं तर हे सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. पण घर थंड करायला निघालेल्या आमच्या घरात उन्हाळाभर गोष्टीच इतक्या साठल्या की त्यांना जागा पुरेना.

दुष्काळानंतर आमच्या वस्तीला सरकारी घरं मिळाली, अंबडजवळ. वर पत्रा. ताई पहिल्या बाळंतपणाला वैशाखात माहेरी येणार होती. तिच्या सासूने निरोप धाडला, "त्या भट्टीत मी माझी सून धाडणार न्हाई." बाबा गवंडी. दुसऱ्या सकाळीच त्यांनी चुना कालवला.

पत्रा पांढरा केला की ऊन परततं. बाबांनी शिडीपासून हात मारायला सुरुवात केली आणि सरकत सरकत पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. मध्ये सगळा ओला चुना! वीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, पण आपल्याच कामावर पाय द्यायला तयार नाही. आईने काठीला बांधून चहा वर दिला.

मग भिंतीत वरच्या बाजूला समोरासमोर झरोके पाडले. शेजारचे सखाराम काका म्हणाले, "गवंडी, चोराची सोय करून राह्यलास का?"

"उंदराएवढा असंल तर येऊ दे."

गरम हवा वर जाते, हे शास्त्राच्या पुस्तकातलं मीच बाबांना सांगितलं होतं. काकांपुढे मात्र मी ते बोलले नाही. पुढच्या आठवड्यात काकांनीही झरोके पाडले, आमच्यापेक्षा एक जास्त.

पत्र्याखाली बांबू बांधून उसाचं पाचट अंथरलं, ते पेटू नये म्हणून आईने चूल बाहेरच्या छपराखाली नेली.

शेवटी विहीणबाई (मी त्यांना मावशी म्हणते) आल्या, मुद्दाम भर दुपारी. जयभीम झाला, आणि त्यांची नजर थेट झरोक्यांवर.

"बाळंतिणीला वारा लागंल ना!"

त्यांनी चिमणी पेटवायला लावली. खाटेवर उशाशी धरली, मग पायाशी. ज्योत हलली नाही. बाबा श्वास रोखून उभे. "जरा पाठ टेकून बघते," म्हणून त्या आडव्या झाल्या. त्यांना घेऊन आलेला गाडीवाला तीनदा हाक मारून गेला. दिवेलागणीला उठल्या, पदर सावरला.

"पोरीला उद्याच धाडते. पण तिला दुसरी खाट बघा. ही माझी."

बाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

ताईला मुलगी झाली. बाळाला घेऊन ती सासरी गेली, त्यालाही पंधरा दिवस झाले, आणि विहीणबाई मात्र अजून त्याच खाटेवर... आले, मावशी, पाणीच घेऊन येते!