बोथट सुरी मला चालत नाही

केर कितीही काढा, ओट्याखाली कांद्याचं एखादं साल निघतंच. किस्स्यांचंही तसंच आहे. सिडकोतल्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात रोज पातेली घासून पालथी घालतो आम्ही, किस्से मात्र राहतात पडून. त्यातले निम्मे सुऱ्यांचे! कारण धार हे खातं माझं.

गेल्या दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो. तेव्हापासून सूनबाई, अश्विनी, मागे लागलीय. "आई, सुरी सोडा आता. खुर्चीत बसून देखरेख करा."

देखरेख! जिनं हे केंद्र एका शेगडीवर उभं केलं, तिनं खुर्चीत बसून काय बघायचं, भिंत? हे भांडण सध्या आमच्याकडे भाजीच्या आधी शिजतं.

* * *

धार लावायला मला कुणी शिकवलं नाही. मी सातवी पास, बाकीचं सगळं बघून बघून. आधी सुरी बोथट झाली की पाट्याच्या कडेवर खसाखसा घासायचे. दोन दिवस बरी चालायची, मग पुन्हा रडगाणं.

एकदा बाजारातून येताना मटणाच्या दुकानातला माणूस दिसला. तो मधूनमधून कमरेची पोलादी सळई काढायचा, सुरी तिच्यावरून दोन्ही बाजूंनी अलगद फिरवायचा, सर्र सर्र, की लागला कामाला! आता माझ्या गळ्यात तुळशीची माळ. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? रोज समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायला लागले. शेवटी त्यानंच विचारलं, "मावशी, घ्यायचं नाही तर रोज बघता काय?"

"धार!" म्हटलं.

सळई कुठे मिळते तेही त्यानंच सांगितलं. पण मी घरी पोचायच्या आत शेजारच्या काकूंनी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं होतं, "वहिनींची माळ सुटली वाटतं!"

हे भले माणूस. मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त जेवताना वांग्याच्या भाजीत वाकून, प्रत्येक फोड उलटी करून बघितली!

* * *

मंदा आमच्याकडे कांद्याला असते. मूळची चांदवडची. पोतंभर कांदा चिरेल, पण डोळ्यांतून टिपूस नाही. तिला मी सळई शिकवली. म्हटलं, "हे बघ, वापरून वापरून धार वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण वाकते. सळई तिला सरळ करते, बस. जोर नाही लावायचा. रुसलेल्या माणसाची समजूत घालतात ना, तसं."

"कळलं आक्का."

दुसऱ्या दिवशी आले तर पाव कापायची दातेरी सुरी पट्टीसारखी गुळगुळीत! अश्विनीनं हौसेनं ऑनलाइन मागवलेली.

"आक्का, ही लयच वाकडी झाली होती बघा," मंदा घाम पुसत म्हणाली. "सळईचं ऐकंचना. मग पाट्यावर घेतली. सकाळपासून बसले, आता एक दात राह्यला नाय!"

अश्विनी कपाळाला हात लावून उभी.

"अगं मंदे, समजूत घालायला सांगितली होती. दात पाडायला नाही!"

* * *

एक साहेब डब्याची तक्रार घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठी. मी कोथिंबीर निवडून ठेवली होती आणि सुरीला सळई लावत होते. काम अर्ध्यात टाकायची मला सवय नाही.

"काल भाजीत मीठ जास्त होतं!"

"बोला, ऐकतेय मी." सर्र.

"म्हणजे... खूप जास्त असं नाही."

सर्र.

"घरी आम्ही जरा आळणीच खातो. त्यामुळे वाटलं असेल."

मी धार बघायला सुरी उजेडात धरली.

"तर आक्का, उद्यापासून एकाऐवजी दोन डबे पाठवा!"

मी कोथिंबीर चिरायला घेतली. बाई गं, लोकांचं काय काय मनात येतं!

* * *

खंडेनवमीला आमच्या सुऱ्या आणि सळई पाटावर बसतात. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नियम माझा आहे, तेव्हा कडक आहे. वर्षभर राबतात बिचाऱ्या.

एका वर्षी अश्विनीनं नेमकी त्याच दिवशी मोठी ऑर्डर घेतली. फोन ठेवला आणि मग तिचं लक्ष पाटाकडे गेलं.

"आई, एकच सुरी उचलू? देवीला सॉरी म्हणते."

"देवी माफ करेल. मी नाही करणार!"

मग काय! कांदा बुक्कीनं फोडला, मेथी हातानं खुडली, बटाटे उकडून कुस्करले, मिरच्या मोडून टाकल्या. मंदा कांद्यावर एकेक बुक्की मारताना एकेका नातेवाइकाचं नाव घेत होती. संपला कांदा, पण तिचे नातेवाईक संपेनात!

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन. "काय गावरान चव होती हो! कोण आचारी आहे?"

अश्विनी म्हणाली, "आज आचारी सुट्टीवर आहेत. पाटावर बसलेत."

* * *

आता परवाचं सांगते.

काही दिवस मी सकाळी सळई लावून चहाला जायचे, आणि परत येईतो सुरी बोथट! टोमॅटो कापायचा सोडून दाबला जायचा. एकदा चहा अर्धा सोडून मागे फिरले. बघते तर सूनबाई माझी सुरी खलबत्त्याच्या काठावर घासतेय, धार घालवायला!

"तुम्हाला लागू नये म्हणून, आई!" तिचे डोळे भरलेले.

"अगं, बोथट सुरीच लागते! जोर द्यावा लागतो, मग ती घसरते. धारेची सुरी ऐकते!"

"ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी नको म्हटलं तर खुर्ची. कबूल?"

"कबूल!"



डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितला. हात मेला पिंपळपानासारखा हलायला लागला. अश्विनी म्हणाली, "बघा ना, आणि ह्यांना सुरी हवी!"

मी पर्स उघडली. फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली, सळई काढली, छोटी फळी काढली आणि एक पिकलेला टोमॅटो. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. सर्र सर्र आवाज झाला तसा कंपाउंडरनं दार उघडून बघितलं आणि हळूच लावून घेतलं.

सुरी हातात आली, आणि हात थांबला. कसा ते मला विचारू नका. टोमॅटोची पहिली चकती पडली, दुसरी पडली. डॉक्टरांनी एक उचलून खिडकीकडे धरली. पलीकडचं झाड दिसत होतं!

त्यांनी चकती तोंडाजवळ नेली. मग म्हणाले, "मीठ आहे?"

मी मीठ विसरले होते. पर्स उगाच चाचपत राहिले.

तेवढ्यात अश्विनीनं आपली पर्स उघडली आणि घरून बांधून आणलेली मिठाची पुडी टेबलावर ठेवली.