पाच गुणांचा एकटेपणा

"तुम्हाला कुष्ठरोग आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि मी मूर्खासारखं मागे वळून पाहिलं. वाटलं, मागच्या पेशंटला सांगतायत. मागे भिंत होती.

मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. उजव्या कोपराखाली एक फिकट चट्टा उठला होता. आपलं ऊन काय कमी आहे का, म्हणून मी सोडून दिलं. एक दिवस भाकरी करताना हात तव्याला टेकला. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. दुखलंच नाही. हे नीट वाचा. दुखलं नाही, म्हणूनच मी घाबरायला हवं होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. त्या पेनाचं टोक हातावर टेकवायच्या आणि जिथं लागलं तिथं मी बोट ठेवायचं. ठेवत गेले, मग मला वाटलं त्या थांबल्या. त्या थांबल्या नव्हत्या.

मग स्किन स्मिअर झालं. म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देतात, त्यातलं काचेवर घेतात आणि जंतू आहेत का बघतात. कोपराजवळची नर्व्ह, म्हणजे संवेदना वाहून नेणारी शीर, जाड झाली होती. औषधाला एमडीटी म्हणतात, दोन-तीन औषधं एकत्र. ती फुकट मिळतात, मला वर्षभर घ्यायची आहेत. लघवी लाल होते, कातडी काळवंडते, पण त्याला घाबरायचं नाही.

"औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला होण्याची भीती राहत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एका ताटात जेवा, कॉलेजला जा. बोटं वाकायच्या आत आलात, बरं झालं."

रोगाचं असं सगळं सोपं होतं. माणसंच अवघड निघाली.

नवरा चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तो हॉलमध्ये झोपायला लागला. म्हणे, आत लई उकडतंय. कूलर आतच आहे! वैरागहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "कुणापाशी बोलू नको गं बाई. पोरीला स्थळं बघायलोय आमी." माझी तब्येत कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं त्यांचं.

आणि कॉलेज! आमच्याकडे एक जुनी, नावाजलेली कादंबरी अभ्यासाला आहे. तिच्यातल्या बाईला हाच रोग होतो आणि गाव तिला वेशीबाहेर नेऊन टाकतं. किती वर्षं शिकवतेय मी ती. 'कादंबरीतील एकटेपणा व सामाजिक पूर्वग्रह, टीप लिहा, गुण पाच.' मुलं ठरलेलं उत्तर लिहितात की तेव्हाचे लोक अडाणी होते. आमच्याच विभागातल्या सुनीता मॅडम हा भाग शिकवताना डोळ्याला रुमाल लावतात. मी विश्वासानं सांगितलं ते त्यांनाच. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना कपबशीतून चहा आणि मला कागदी कप. सुनीता मॅडम खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या. अहो, एम. ए. झालेल्या बायका या!

प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, औषधांचा कोर्स संपेपर्यंत रजा घ्या. पालकांचे फोन आले तर मी काय सांगू?"

"औषध चालू आहे, कुणाला होत नाही, असं सांगा की."

"आपल्याला पटतं हो. समाजाला कसं पटवायचं?"

समाज म्हणे! त्या खोलीत ते होते आणि मी होते. समाज कुठं बसला होता? एकदा घरी बसवलं की हे मला पुन्हा वर्गात उभं राहू देणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"त्यांना शिकवायला काहीही अडचण नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला असेल तर लेखी द्या."

लेखी कोण देतंय! प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी वर्गावर गेले.

पुढची बाकं रिकामी. सगळी मुलं मागे कोंबून बसलेली. मी कादंबरी उघडली आणि मिटून ठेवली. "मला कुष्ठरोग आहे. औषध घेतेय, बरी होणार आहे. आणि तेव्हाचे लोक अडाणी होते असं यापुढे कुणी लिहिलं, तर शून्य देईन. आज ही बाकं कुणी रिकामी ठेवली?" आवाज चढला होता. कुणी उठून पुढं आलं नाही. तसं सिनेमात होतं.

तास संपल्यावर श्रावणी तेवढी थांबली. तिची आई घरी विड्या वळते. "मॅडम, मम्मीच्या पाठीवर असाच चट्टा हाय. लोक काय म्हणतील म्हणून दाखवत न्हाय ती."

"माझ्या पुढच्या तपासणीला तिला घेऊन ये," मी म्हणाले. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्यालाही तपासायला बोलावलं होतं. "इतकी वर्षं एका घरात राहिलात आणि औषध सुरू झाल्यावर भीती वाटायला लागली होय?" डॉक्टरांनी त्याला झाडलं. तो परत आत झोपतो. मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर मानेन, बाकीच्यांचं बघू. तुमच्या अंगावर असा बधिर चट्टा असेल, तर आधी दाखवून या, लोकांचं नंतर बघा.

श्रावणीची आई पदर पाठीवर घट्ट ओढून बसली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मला सांगितलं होतं तेच तिलाही सांगितलं. रोग कसला, औषध किती दिवस, तिनं काही विचारलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरीला कॉलेजातनं काढतेत का हो, मॅडम?"

"काढून तर दाखवू देत," मी म्हणाले. "मी तिथंच शिकवते."