दसऱ्याची तार आणि झरीचा रस्ता

२०१७ ची दिवाळीची सुट्टी. ती संपली की मला झरीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच वेड होतं: डहाणूहून रोज बाइकने जायचं. आईने मात्र शाळेजवळ तलासरीत माझ्यासाठी भाड्याची खोली बघायला सुरुवातही केली होती. मला घर सोडायचं नव्हतं आणि बाइक तर मुळीच सोडायची नव्हती. बाइक बाबांची, त्यामुळे निकालही त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "शुभे, आधी मला मागे बसवून एक फेरी मार. मग सांगतो."

बाबा म्हणजे मालगाडीचे निवृत्त गार्ड. ब्रेकची खात्री झाल्याशिवाय त्यांनी जन्मात हिरवा झेंडा दाखवला नाही, आणि निवृत्तीनंतर ती सवय घरच्या गाडीवर उतरली. सकाळी मी हेल्मेट घालून तयार, आणि हे आपले ब्रेकची लिव्हर दाबून बघताहेत, चाकाला हात लावताहेत, टायरला टिचक्या मारताहेत. आई दारातून म्हणाली, "अहो, पलीकडे झाईमार्गे झरीला चाललाय, रतलामला नाही." शेवटी ते मागे बसले, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "सोड."

नरपड, चिखला, घोलवड, बोर्डी. हा रस्ता मी शंभरदा पाहिलाय, पण एसटीच्या खिडकीतून. बाइकवरून तो वेगळाच असतो. एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला सुरूच्या झाडांतून मधूनच दिसणारा समुद्र, आणि सकाळचा गार वारा थेट बाहीत शिरतो. मी इतकी खूश होते की हेल्मेटच्या आत मोठ्याने गात होते. जाणाऱ्यांसाठी सांगते, पेट्रोल डहाणूतच भरा आणि चिकू परतीच्या वाटेवर घ्या, नाहीतर दिवसभर ते सांभाळत बसाल. बोर्डीला आम्ही गरम भजी खाल्ली. बाबांनी माझ्यापेक्षा एक प्लेट जास्त खाल्ली आणि आईला सांगू नको म्हणाले.

झाईला रस्ता समुद्राशी येऊन ठेपतो, पुढे गुजरात. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. जाळं विणत बसलेल्या एक मावशी माझ्याकडे आणि मागच्या सीटकडे बघून हसल्या. "पोरगी चालवते न् बाप बसते काय?"

"परीक्षा घेतोय तिची," बाबा म्हणाले.

"मंग पास करा. एवढ्या लांब आणला तुम्हाला."

बाबा बोंबलांचा भाव विचारू लागले. मी मात्र मनातल्या मनात पास झाले होते.

झाईहून आत वळलं की समुद्राचा वास मागे राहतो आणि कापलेल्या गवताचा सुरू होतो. झरीच्या अलीकडे एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, शेळ्या गेल्या, बाबांना काही जाणवलंही नाही. पण लिव्हर सकाळपेक्षा जास्त आत आली होती, मुठीला टेकेल इतकी. मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"ब्रेक मऊ लागतोय, बाबा."

पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल हँडलवरच्या डबीतून एका रबरी नळीने खाली चाकापर्यंत जातं. मी वरून खालपर्यंत नळीवर बोटं फिरवली. हेडलाइटच्या मागे बोटं ओली झाली. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तेव्हा दिसलं: नळीला बारीक तारेचा वेढा होता आणि तारेत झेंडूचा एक वाळका देठ अडकला होता. लिव्हर दाबली की तिथेच नळी हातावरच्या शिरेसारखी फुगत होती.

दसऱ्याला गाडीला हार घातला होता बाबांनी. डहाणूच्या भन्नाट वाऱ्यात दोरा टिकत नाही म्हणून त्यांनी तो तारेने बांधला. फुलं गळून गेली, तार राहिली, आणि प्रत्येक वळणाला ती नळीत थोडी थोडी रुतत गेली. रोज ब्रेक तपासणाऱ्या माणसाने ब्रेकच बांधून ठेवला होता. मला हसू आवरेना, आणि बाबांचा चेहरा बघून हसताही येईना.

तार सोडवून खिशात टाकत ते म्हणाले, "तलासरी कितीशी लांब? चिकटपट्टी मारू. मागचा ब्रेक आहे ना."

खरं तर मलाही तेच हवं होतं. गाडी अडकली की आईचं म्हणणं खरं ठरणार, आणि खोलीचं भाडं भरायला मी मोकळी. तरी मी किल्ली काढून घेतली. "बाबा, ड्यूटीवर असता तर सोडली असती गाडी?"

त्यांनी नळीवरून एकदा बोट फिरवलं. "नसती."

गवत उतरवून परतणारा एक रिकामा टेम्पो आला. चालकाने मान बाहेर काढली. "काय झाला बेन? पेट्रोल खलास?" ब्रेक गेला म्हटल्यावर त्याने फळी लावली, तिघांनी मिळून बाइक वर चढवली, आणि माझी ऐतिहासिक फेरी गवताच्या काड्यांत बसून तलासरीला पोचली.

गॅरेजवाल्याकडे नळी मिळाली. त्याने जुनी काढून नवी बसवली, टाकीच्या रंगावर ऑइल सांडू नये म्हणून फडकं घातलं आणि नळीतली हवा काढायला बाबांनाच कामाला लावलं. "काका, दाबा. धरून ठेवा. आता सोडा." खाली चाकापाशी जोडलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, आणि बाबा पुन्हा ड्यूटीवर लागल्यासारखे ताठ बसून लिव्हर दाबत होते. बुडबुडे थांबले, लिव्हर कडक झाली. मी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी कुठे ताणत नाही ना ते पाहिलं, आवारात दोन चकरा मारल्या आणि मगच हायवेला लागले.

चारोटीपर्यंत हायवे म्हणजे धमाल. ट्रकांपासून अंतर ठेवून, आपल्या कडेने, नव्या ब्रेकच्या भरवशावर मी अशी काही मजेत गेले की सांगता सोय नाही. चारोटीला मिसळ खाल्ली आणि ऊन उतरायच्या आत डहाणूत पोचलो. निकाल मात्र अजून बाकी होता.

दारातच आईने विचारलं, "मग? खोलीचं काय सांगू त्यांना?"

बाबांनी खिशातून तार काढून तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या चिकटपट्टीसकट. मग म्हणाले, "मी निघालो होतो. हिने गाडी अडवली. खोली नको म्हणून कळव."

आता मी रोज निघताना लिव्हर दाबते, नळीवर बोटं फिरवते, हँडल दोन्हीकडे वळवून बघते. तुम्हीही लांब निघण्याआधी एवढं करा, विशेषतः दसऱ्यानंतर. शाळेच्या पहिल्या दिवशी माझं हे सगळं चालू असताना बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. उठून तपासायला आले नाहीत. मी गाडी सुरू केली तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर न काढता नुसता हात उंचावला.