धरलंय हं मी, या तुम्ही

"धरलंय हं मी. या तुम्ही."

नर्सबाईंच्या दाराशी आलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावं लागे. बाई किंचित वाकून उभ्या असत, उजवा हात गुडघ्यापाशी, आणि त्या हाताच्या मुठीत कुत्र्याच्या गळ्यातला चामडी पट्टा. कुत्रा बहुधा पेंगत असे. एकदा तर तो चक्क घोरत होता आणि बाई मात्र ओढ सोसवत नसल्यासारखा चेहरा करून उभ्या होत्या. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोकलाही आवरला.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली. नाशकात तांबटांच्या आळीत मी एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो. दिवसभर हंडे-घागरी ठोकण्याचा आवाज चाले आणि संध्याकाळी तो थांबला की कान उगाच कोणाची तरी वाट पाहत राहत. शेजारच्या दोन खोल्या नर्सबाईंच्या. आमच्या परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती.

बाई पस्तिशीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. कपाळ मोकळं. प्रसूतिगृहात नोकरी करत. त्याआधी देवळालीला एका गोऱ्या साहेबाची मुलं सांभाळत होत्या. पुढे बाई या आळीत राहायला आल्यावर साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्यानं खुर्च्या विकल्या, कपाटं विकली आणि कुत्रा बाईंना दिला. अल्सेशियन. आळीनं तो शब्द दोन-चारदा म्हणून पाहिला, तोंडात बसेना म्हणून सोडून दिला आणि 'लांडगा' म्हणायला सुरुवात केली. बाईंनी नाव ठेवलं होतं जालिम.

बाई गोष्टी सांगत, आणि फार चांगल्या सांगत. नळावर बायका जमल्या की एखादी विचारायचीच, "बाई, खरंच का हो हा लांडग्याच्या जातीचा?"

"आजी लांडगीण होती याची," बाई हंडा घासता घासता सांगत. "देवळालीला चोर शिरला होता. त्याचा कान तोडला यानं. सकाळी साहेबानं मागितला तेव्हा तोंडातून सोडला."

"अगं बाई!"

"बटलरला चावला होता. तो अजून उभ्यानं जेवतो."

खाटकाकडून हाडांचा पुडा आणताना बाई तो मुद्दाम हातात वर धरून आणत. आळीनंही आपला हातभार लावला. एका कानाचे दोन कान झाले, पुढे पुढे तो चोरच जगाच्या पाठीवर उरला नाही. जातीविषयी बोलायला कुणालाच अभ्यास लागत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. गावठी कुत्रं गरीब, विलायती कुत्रं खुनशी, हे आमच्या आळीत सूर्य पूर्वेला उगवावा इतकं ठरलेलं होतं.

खरी गोष्ट मला भिंतीमुळे कळली. एका रविवारी मी परसात धोतर वाळत घालत होतो. पलीकडून बाईंचा आवाज आला, मी तोवर कधी न ऐकलेला.

"सोन्या, गेली रे ती मांजर. ये बाहेर. किती वेळ बसशील खाटेखाली?"

मी भिंतीवरून डोकावलो. जालिम पोट जमिनीला घासत बाहेर आला, चारी बाजूंना बघितलं आणि बाईंच्या पदराआड जाऊन बसला. हाडं परसातल्या कावळ्यांना जात होती. जालिमच्या थाळीत दूधभात होता. मोठ्या हंड्यावर घण पडायला लागले की तो थरथर कापे आणि बाई त्याच्या कानांवर हात ठेवून बसत.

मला पाहिल्यावर बाई आधी ओशाळल्या, मग उभ्या राहिल्या.

"मास्तर, कुठं बोलू नका."

"पण बाई, कशासाठी हे?"

"हा यायच्या आधी दिवेलागणीला माझी कडी वाजायची. प्रसूतीचं बोलावणं असेल म्हणून दार उघडावं, तर कुणी नाही. कोपऱ्यावर नुसतं हसणं. रोजच्या रोज. एकदा तर दाराच्या आत येऊन उभा होता एक जण." त्यांनी जालिमच्या डोक्यावर हात फिरवला. "हा आल्यापासून एकदा तरी वाजली का? नुसते दात असून भागत नाही, मास्तर. दातांची बातमी पसरावी लागते."

मीही दोन दिवसांनी शाळेत तो कानाचा किस्सा सांगितला, आणि रंगवून सांगितला.

आळीचं स्वतःचं एक कुत्रं होतं. तांबूस रंगाचं, म्हणून नाव तांब्या. कुणाचंच नसलेलं आणि सगळ्यांचं. सकाळी या ओट्यावर, दुपारी त्या ओट्यावर. पोरं त्याच्या पाठीवर बसत, शेपटीला डबा बांधत. चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य कुत्र्याला घालतात, तेव्हा भरीत-रोडग्याचा पहिला मान तांब्याचा. जालिमला कुणी तो घास घातला नाही. खंडोबाला विलायती कुत्रं चालतं की नाही, याबद्दल आळीत एकमत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी बाई कामावरून परतल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. भिंतीशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, नाल्याकडे तांब्या दिसला. तोंड वासलंय, लाळेची तार लागलीय. मला ओळखलं नाही त्यानं. पोरांना तिकडं जाऊ देऊ नका."

मी निघालो, दोन-चार घरी सांगितलं. "तांब्या? त्याला काटा रुतला असंल," लोक म्हणाले.

त्याच संध्याकाळी समोरच्या तांबटाचा सात-आठ वर्षांचा पोरगा नाल्याकडून रडत आला. पोटरीला दात लागले होते. अंधार पडत होता, पोर भेदरलेलं. "मोठं कुत्रं," एवढंच म्हणालं. एवढंच पुरलं. सगळ्या आळीची तोंडं एकदम नर्सबाईंच्या दाराकडे वळली.

बाई धावत आल्या. कोणी काही बोलायच्या आत पोराला मांडीवर घेतलं आणि कार्बोलिकच्या साबणानं जखम धुवायला बसल्या. ते पोर किंचाळत होतं, त्या धुतच राहिल्या. मग बापाला म्हणाल्या, "उद्या उजाडता सरकारी दवाखान्यात न्या. सुया सुरू करा. तांब्या पिसाळलाय. मी पाहिलाय."

सकाळी तांबट पोराला घेऊन गेला आणि थोड्या वेळानं हसत परत आला. डॉक्टरांनी विचारलं होतं, कुत्रं कुणाचं? यानं सांगितलं, नर्सबाईंचं. डॉक्टर म्हणाले, कुत्रं ओळखीचं आहे, धडधाकट आहे, तर बांधून ठेवा आणि आठ-दहा दिवस लक्ष ठेवा. त्याला काही झालं नाही, तर पोराला सुयांची गरज नाही.

"लय बरं झालं बघा," तांबट म्हणाला. "पोटात सुया टोचायच्या, त्याबी रोज. पोर मरून जाईल माझं."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर गेलो. आळी जमलीच.

"जालिम चावला नाही," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी तो घरात बांधलेला होता. तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवाल, त्याला काही होणार नाही, आणि इकडं पोराचे दिवस हातचे जातील. पोराला तांब्या चावलाय."

"तांब्या? भाकरी खातोय तो माझ्या हातची!" तांबट म्हणाला.

"अहो, जालिम कधीच कुणाला चावला नाही. तो कान, तो बटलर, सगळ्या माझ्या थापा होत्या. मी एकटी राहते म्हणून सांगितल्या. तो मांजराला भितो. हवं तर मास्तरांना विचारा."

मी होय म्हणालो. मी पाहिलं तेवढं सगळं सांगितलं. एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "मास्तर, तुम्ही भिंतीचे शेजारी. तुम्हाला तसंच म्हणावं लागंल." मागून कुणीतरी हसलं. तांबट मात्र चिडला.

"कुत्र्याला वाचवायला बघताय, बाई. इतकी वर्षं काय सांगत होता नळावर?"

बाई दवाखान्यातही जाऊन आल्या. डॉक्टर सभ्य माणूस, पण ते म्हणाले, "तुम्ही मालकीणबाई. तुमचंच म्हणणं मी पुरावा म्हणून कसं धरू?" तांब्या शोधायला मी नाल्याकाठानं लांबवर जाऊन आलो. तो कुठंच नव्हता.

त्या संध्याकाळी बाई परसात बसल्या होत्या. जालिमचं डोकं मांडीवर. मी भिंतीशी उभा राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही. तशाच म्हणाल्या, "मास्तर, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानं गेलेला माणूस पाहिलाय कधी?"

"नाही."

"मी पाहिलाय. पोर होतं." मग जालिमच्या कानामागे खाजवत राहिल्या. "यांना याच्याबद्दलचं चांगलं काही पटणार नाही. वाईट मात्र काहीही पटेल."

त्या काय बोलत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बाई दारात येऊन ओरडल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "पोरांना आत घ्या! जालिम पिसाळला! पाण्याला तोंड लावत नाही!"

घणांचे आवाज थांबले. कुणीही पुरावा मागितला नाही. कुणीही म्हटलं नाही की बाई, काल तर तुम्ही वेगळंच सांगत होता. तांबटानं पोराला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी दवाखान्याकडे धावत सुटला. त्याच दिवशी पोराला पहिली सुई बसली.

थोड्या वेळानं चौकीतला हवालदार बंदूक घेऊन आला. सटाण्याकडचा माणूस, धिप्पाड, पण दहा पावलांवरच थांबला. उघड्या दारातून दिसणाऱ्या जालिमच्या तोंडाला पांढरा फेस होता. पाण्याचं भांडं उंबऱ्यापाशी पालथं पडलं होतं.

"कुत्रं बांधेल शे ना, बाई?" हवालदारानं विचारलं.

बाई दाराबाहेर आल्या. किंचित वाकलेल्या, उजवा हात गुडघ्यापाशी. जालिम इतकी माणसं पाहून त्यांच्या पायांत अंग चोरत होता. शेपटी हलवावी की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"धरलंय हं मी," बाई म्हणाल्या. "या तुम्ही."

बार झाल्यावर आळी आपापल्या घरात गेली. त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. बाई आणि मी, दोघांनीच त्याला गोणपाटावर घेतला. उचलताना त्याच्या तोंडावरचा फेस माझ्या मनगटाला लागला. मी घाबरून हात झटकला, आणि वास आला. कार्बोलिकच्या साबणाचा.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"बोलू नका, मास्तर," त्या म्हणाल्या. "पोराच्या सुया पुऱ्या होऊ देत."

आम्ही त्याला परसात पुरला. मला रडू फुटलं, मी मास्तर असून. बाई रडल्या नाहीत. साबणानं हात धुतले, पदराला पुसले आणि कामावर गेल्या.

पोराच्या सुया पुऱ्या झाल्या. पोटाला गाठी आल्या, तापही आला, पण पोर वाचलं. तांब्या नाल्यापलीकडे मेलेला सापडला. पुढे गवळ्याचं एक वासरू पिसाळून मेलं आणि त्याला तांब्याच चावला होता, हे गवळ्यानं स्वतः येऊन सांगितलं. मला वाटलं, आता तरी आळीच्या डोक्यात उजेड पडेल. आळीनं दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, की त्या लांडग्यानंच आमच्या गरीब तांब्याला चावून पिसाळवलं असणार. मी आता खरं सांगायला बाईंकडे परवानगी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

"कोण ऐकेल, मास्तर?"

काही दिवसांनी तांबट पोराला घेऊन बाईंकडे आला. हातात त्यानं स्वतः घडवलेली तांब्याची परात होती, नवी, लखलखीत. उंबऱ्याबाहेर तो सवयीनं थांबला. बाई आतून आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यापाशी गेला. मूठ मिटली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो हात पदराखाली घेतला.

"या," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही वेळेवर ओरडलात म्हणून माझं पोर राहिलं," तांबट म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपलं कुत्रं असून लपवलं नाय तुम्ही. पण शेवटी जातीवर गेलंच हो ते."

बाईंनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "जातच तशी होती त्याची."

पावसाळ्याआधी दिवेलागणीला बाईंची कडी पुन्हा वाजायला लागली. मी बाहेर येऊन दोनदा आरडाओरडा केला, पण मास्तराला कोण भितं? महिन्याभरात बाईंनी इगतपुरीला बदली मागून घेतली. सामान थोडंच होतं. टांगा आला तेव्हा मी शाळेत होतो. परत आलो तर दाराला कुलूप.

उंबऱ्यापाशी तांबटाची ती नवी परात ठेवलेली होती, काठोकाठ पाणी भरून. कुठूनशी आलेली दोन गावठी कुत्री पाणी पीत होती. मी तिथंच, दाराबाहेर, उगाच थांबून राहिलो.