येळवशीचा नाताळ

त्या साली येळवस आणि नाताळ एकाच दिवशी आले आणि माझी चांगलीच पंचाईत झाली.

आमच्या आळंदकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडायचे, त्यांना निवद दाखवायचा आणि मग डाळी-भाज्यांच्या भज्जीवर आणि ज्वारी-ताकाच्या आंबिलीवर तुटून पडायचं. आम्ही ख्रिस्ती, माझा नवरा मिशनच्या शाळेत मास्तर, पण मला दर साली आमंत्रण असे ते शेजारच्या शेतकऱ्याच्या सुनेचं. आमची ओळख भांडणातून झालेली. तिच्या शेळीनं माझी मेथी खाल्ली होती. मी तोंडाची फटकळ आणि ती माझ्याहून वरचढ. भांडून भांडून दोघी दमलो आणि हसत सुटलो. तेव्हापासून ती मला अक्का म्हणू लागली.

तिची सासू, आमच्या सगळ्यांची अव्वा, मोठी कडक. माझं पान ती खोपीपासून लांब, बांधाकडे मांडायची. मैत्रीण गुमान आपलं पान उचलून माझ्यापाशी येऊन बसे आणि अव्वा आभाळाकडे बघत राही. त्याचा मला राग यायचा, पण भज्जी मी पोटभर खायचे. प्रभूनं आपल्या शिष्यांना चाकर नाही, मित्र म्हटलं, हे मला शाळेपासून फार आवडायचं. मित्राच्या घरचं जेवण नाकारावं असं काही तो म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं.

नवीन आलेल्या गोऱ्या पाद्रीसाहेबांना मात्र आठवत होतं. नाताळच्या आधीच्या रविवारी त्यांनी आपल्या पुस्तकी मराठीत बजावलं, मूर्तीला दाखवलेलं अन्न जो खाईल त्याला प्रभुभोजन मिळणार नाही. मी तणतणत मैत्रिणीकडे गेले आणि सांगून टाकलं.

"म्हंजी तू येनार न्हाईस?"

मी पाठ फिरवून निघाले.

"तू न्हाई आलीस तर म्या बी जेवत न्हाई बग," ती म्हणाली. ती तेवढी हट्टी होती, हे मला ठाऊक होतं. प्रभूचं मेज सोडू की हिला सोडू? चार दिवस मला अन्न गोड लागेना.

नाताळची उपासना उरकली. साहेबांना पुढच्या गावी जायचं होतं आणि त्यांची बैलगाडी मैत्रिणीच्या शेतावरूनच जाणार होती. आम्ही नवरा-बायको पोचवायला निघालो. पण येळवशीला वाटेवरचा माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. अव्वानं सरळ बैलाची वेसणच धरली.

"उतरा सायब. जेवून जावा."

"हे तुमच्या देवाला दाखवले आहे काय?" साहेबांनी विचारलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"अजून न्हाई. आता दावायलाव. पर ही दोन मडकी आदीच बाजूला काढल्यात." अव्वानं माझ्याकडे बोट केलं. "सून म्हनली, अक्काला निवदाचं चालत न्हाई."

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती आंबील ढवळण्यात गुंग असल्याचं सोंग करत होती. त्यांच्या घरात निवद दाखवायच्या आधी कुणी मीठसुद्धा चाखत नसे. नवऱ्यानं हे हळू आवाजात साहेबांना सांगितलं.

साहेब चकित झाले. "देवाच्या आधी पाहुण्यांना? हे तुम्हाला चालते?"

"चालत न्हाई," अव्वा म्हणाली. "पर देव घरचाच हाय की. थांबतंय थोडं. पाव्हण्याला उपाशी कसं ठिवावं?"

साहेबांनी टोपी काढली आणि ते गाडीतून उतरले. मी मात्र पदर तोंडात कोंबून रडत उभी राहिले. तुझ्या देवाचं मला चालत नाही, एवढंच मी तिला सांगून आले होते. तिनं माझ्यासाठी आपल्या देवाला थांबायला लावलं होतं.