रोवण्याआधीचा खुबा

आमच्याकडे धानाच्या रोवण्यात बायका एका रांगेत वाकून, माघारी सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, लावतात. प्रत्येकीची आपापली पात. जी मागे पडते, तिच्या दोन्ही बाजूंनी हिरवं धान उभं राहतं आणि ती मधल्या चिखलात बेटासारखी एकटी उरते. गेल्या पावसाळ्यात कुरखेड्याजवळच्या आमच्या शेतातल्या बांधीत ते बेट मी होते.

"काऊन वो, तिथीच घर बांधतेस का?" सासूबाई धुऱ्याच्या बांधावरून ओरडल्या.

"राहू द्या ना बाई," जाऊ म्हणाली, "डब्बा तिथीच पोचवतो तिले."

शेवटी माझी अर्धी पात जाऊने संपवली आणि मला चहा करायला पाठवलं. संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला, "पुढच्या साली तू घरी सैपाक पाह्य. रोवण्यात नको येऊ." चहा-सैपाकावर आमच्याकडे पोटुशा बायका नाहीतर म्हाताऱ्या असतात. मी यातली कोणीच नव्हते. मला माझी पात परत हवी होती.

अडचण डाव्या खुब्याची होती. त्याची बाहेरची बाजू उन्हात वाळलेल्या चामड्यासारखी झाली होती. नोकरीसाठी मी तालुक्याला राहते; तिथल्या कार्यालयातली खुर्ची आणि स्कूटी हे दोन आरोपी मी ताबडतोब वहीत नोंदवले. मग योगवर्गाच्या मॅडमना गाठलं. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. दोन खुबा सैल करायच्या: गोमुखासन, आणि पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा नि मांडी छातीकडे ओढायची. दोन ताकदीच्या: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, आणि वृक्षासन.

मी तक्ता आखून कपाटाच्या दारावर चिकटवला. पहिल्या दोन रकान्यांत रोज बरोबरची खूण. उरलेल्या दोन रकान्यांत रोज एकच शब्द: 'उद्या'. पाय उचलला की दुखायचं, ओढला की बरं वाटायचं. हिशेब सोपा होता.

उन्हाळा संपता संपता माझं गोमुखासन इतकं देखणं झालं की मी ते दाखवायलाच गावी गेले. सासूबाई अंगणात तेलासाठी मोहाच्या बिया फोडत होत्या. त्यांनी माझी एकावर एक चढवलेली गुडघ्यांची चळत नीट पाहिली.

"हे बसूनच करतात का?"

"हो."

"आन् रोवणा बसून करतात का?"

मी गुडघे सोडवायला लागले.

"उभी राह्य. वाक. आता एक पाय उचल."

चार मोजेपर्यंत टिकले आणि पाचव्याला बियांच्या ढिगात जाऊन बसले. सासूबाईंना हसू आवरेना. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "वाकली की तुझं डावं कोपर आपोआप मांडीवर जाते. रोवतानाई जाते. सारं वजन त्याच खुब्यावर. नव्या सुनेले आमी पयल्याच दिवशी टोकतो."

"मग मला का नाही टोकलं?"

"तू मॅडम ना! नोकरीवाली. कोण बोलन तुले?"

म्हणजे बावीस वर्षं सासरचा सगळा मानसन्मान माझ्या डाव्या खुब्याने पेलला होता. खुर्ची आणि स्कूटी यांची नावं मी वहीतून तात्पुरती खोडली.

परतल्यावर नवा तक्ता. ताकद आधी, सैल करणं नंतर. कुशीवर पाय उचलला की तो असा थरथरायचा की नवऱ्याला वाटलं मला थंडी वाजते. त्याने पंखाच बंद केला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी वृक्षासन. पहिली डाव्या पायावर, दुसरी उजव्या, तिसरी ज्याचा धीर कमी त्याच्यावर. आणि गच्चीत कंबरेत वाकून माघारी चालणं, कोपर मोकळं. शेजारीण तिच्या गच्चीतून दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काही हरवलं का वो? मी येऊ का शोधाले?"

रोवणा आला. सैपाकाचं कोणी म्हणायच्या आत मी पऱ्ह्यांची जुडी घेऊन बांधीत उतरले. चिखलातून एक पाय उपसायचा म्हणजे तेवढा वेळ सगळं शरीर दुसऱ्या खुब्यावर. दर पावलाला वृक्षासन, तेही माघारी आणि वाकून. अर्ध्या पातीत डावं कोपर हळूच खाली निघालं.

"कोपर!" धुऱ्यावरून सासूबाई.

"कोपर!" सगळी रांग ओरडली. जाऊचा आवाज सगळ्यात मोठा.

मी शेवटूनच पहिली आले, पण पुढची बाई हाताच्या अंतरावर होती. बेट झालं नाही. खुब्यांची बाहेरची बाजू पेटली होती, पण ती कामाची आग होती. गेल्या सालची अडकलेली कळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाती वाटताना सासूबाईंनी मला धुऱ्याच्या कडेची, वाकडी पात दिली.

"बाई, ही तर साऱ्यांत लांब आहे."

"मंग? सुट्टी किती दिवसाची घेतली?"

"आठ."

"लय झाली," त्या म्हणाल्या आणि पऱ्ह्यांच्या दोन जुड्या माझ्याकडे फेकल्या.