सव्वीस कंदील

हेमचंद्र सबनीस पुण्याच्या पर्यटकांना जपानचे उत्सव दाखवतो. एप्रिलमध्ये चेरीचा बहर, जुलैत क्योतोचे रथ, नोव्हेंबरात लाल पानं. ही तीन कुठलाही गाइड दाखवतो. ऑगस्टमध्ये ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बंदरगावातलं कंदील सोडणं मात्र फक्त त्याच्याकडे होतं, २०१८ सालापर्यंत.

तो २००४ मध्ये सेंदाईला रसायनशास्त्रात पीएचडी करायला आला. पुढे पोस्टडॉक. २०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा त्याच्या कराराचे वीस दिवस उरले होते. बायको सुलेखा आठवड्याच्या आत मुलीला घेऊन पुण्याला गेली. ‘‘लॅब आवरून येतो,’’ तो म्हणाला होता. लॅब आवरली, तो गेला नाही. एप्रिलमध्ये स्वयंसेवकांच्या बसमधून तो या गावात गाळ उपसायला आला. आला होता चार दिवसांसाठी, राहिला अडीच महिने, बेघर झालेल्यांसाठी उघडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. पलीकडच्या आडोशात ओनोदेरा-सान होते. मासळीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. त्सुनामीत त्यांची बायको गेली आणि दुसरीतला नातू गेला.

मेलेली माणसं ऑगस्टच्या मध्यावर चार दिवस घरी येतात, अशी तिथली समजूत. सोळा तारखेच्या संध्याकाळी त्यांना परत पाठवायचं. कागदी कंदिलावर नाव लिहायचं, आत मेणबत्ती लावायची आणि कंदील पाण्यात सोडायचा. पुढे गाइड झाल्यावर हेमचंद्रने माहितीपत्रकात याला ‘श्रावणातलं जपानी दीपदान’ म्हटलं. खरं लिहिलं असतं तर एकही बुकिंग आलं नसतं. पितृपक्षात नवी साडी न नेसणारी माणसं परक्यांच्या श्राद्धाला विमानात बसून कशाला येतील? काही वर्षं हे निभावलं, कारण त्याचे लोक समुद्राच्या नव्या भिंतीवरून नुसते फोटो काढत.

२०१८ मध्ये गावाने ठरवलं की पाहुण्यांनाही कंदील द्यायचे. तरुण शहरात गेले होते, एकमेव खानावळ आणि वरच्या खोल्या रिकाम्या होत्या, पाहुणे हवे होते. समितीतल्या काहींचा विरोध होता. हे दुःख दाखवायची वस्तू नाही, ते म्हणाले. ओनोदेरा समितीचे अध्यक्ष. त्यांनी सांगितलं, ‘‘सबनीस-सानची माणसं आहेत. जबाबदारी माझी.’’

हेमचंद्रने बसमध्येच सगळ्यांना खरं सांगायचं ठरवलं होतं. बसमध्ये अंताक्षरी चालली होती. मग जेवताना सांगू म्हणाला, तर सूपमध्ये मासा निघाला आणि श्रावण मोडला म्हणून पाचजण उठले. शेवटी गावच्या सभागृहात, सव्वीस कोरे कंदील समोर असताना, त्याच्या हातात माइक आला.

‘‘तुम्ही गमावलेल्या माणसाचं नाव लिहा,’’ ओनोदेरा म्हणाले.

‘‘आपल्या जवळच्या माणसाचं नाव लिहा,’’ हेमचंद्रने मराठीत सांगितलं.

‘‘जवळचं म्हणजे बायकोचंच का?’’ प्रल्हादराव ओरडले. ‘‘पाण्यात सोडायची असेल तर लिहितो बुवा!’’

‘‘लिहा, लिहा. मीही सुटते एकदाची,’’ त्यांच्या बायकोने परतवलं. हॉल हसला.

निवृत्त बँक अधिकारी विभा पोंक्षे, म्हणजे पोंक्षेकाकू, पहिल्या टेबलावर होत्या. त्यांनी ठसठशीत अक्षरात ‘अद्वय’ लिहिलं. ते पाहून बाकीच्यांनीही नातवंडांची नावं काढली. गावच्या देवळातले बौद्ध भिक्षू नावं वाचणार होते, म्हणून त्यांच्यासाठी जपानी लिपीत यादी हवी होती, नाव आणि नातं. ती हेमचंद्रने स्वतःच्या हाताने केली. अद्वय, नातू. कादंबरी, नात. केदार, नातू. एकवीस नातवंडं झाली. तेव्हाही थांबता आलं असतं. त्याने खाली तारीख घातली आणि यादी दिली.

ओनोदेरांनी चष्मा लावला. नात्याच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

‘‘इतकी मुलं? शाळेच्या बसला अपघात झाला का?’’

हेमचंद्र काहीच बोलला नाही. असं गप्प राहणं ओनोदेरांनी सात वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. ते पहिल्या टेबलापाशी गेले आणि पोंक्षेकाकूंसमोर कमरेतून वाकले.

‘‘अगं बाई, एवढं काय वाकताहेत? उठवा हो त्यांना.’’

‘‘माझाही नातू गेला,’’ ओनोदेरा म्हणाले. ‘‘दुसरीत होता.’’

‘‘ते म्हणतात,’’ हेमचंद्रने सांगितलं, ‘‘त्यांचाही नातू दुसरीतला.’’

‘‘अय्या, आमचाही दुसरीतच! थांबा, दाखवते. शाळेतून आला असेल आत्ता.’’

‘‘काकू, नको...’’

‘‘नको काय? रेंज आहे की.’’

पडद्यावर पुढचे दात पडलेला मुलगा आला. ‘‘आजी, रोबो घेतलास?’’

‘‘घेते रे. आधी या आजोबांना कोन्निचिवा म्हण.’’

‘‘कोन्निचिवा!’’

ओनोदेरांनी पडद्याकडे पाहिलं, मग यादीकडे. ‘‘हा कोण?’’

‘‘अद्वय,’’ हेमचंद्र म्हणाला.

ओनोदेरांनी फोनकडे मान लववली, मुलाला कोन्निचिवा म्हटलं आणि फोन बंद होईपर्यंत उभे राहिले. मग खालच्या आवाजात विचारलं, ‘‘ही सगळी?’’

‘‘जवळजवळ सगळी.’’

‘‘यांना ठाऊक नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘तुम्हाला होतं.’’

आवाज चढला नाही. त्यांनी दोन माणसांना बोलावून सव्वीस कंदील रांगेतून काढले आणि मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये पालथे ठेवले. विरोध करणाऱ्यांपैकी एक सभासद दाराशी उभा होता. ओनोदेरा त्याच्यापुढे गेले आणि सगळ्यांदेखत वाकले. बराच वेळ वर आले नाहीत.

‘‘आपलेच का काढले?’’ काकूंनी विचारलं. ‘‘आपला नंबर मागाहून आहे का?’’

आता हेमचंद्रने सांगितलं. माइकशिवाय, चार वाक्यांत. काकू खुर्चीत बसल्या.

‘‘तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या अद्वयचं नाव...’’

‘‘हो.’’

त्या क्रेटपाशी गेल्या, आपला कंदील शोधला, नावाचा कागद फाडून तुकडे पर्समध्ये भरले. पर्स बंद करून विचारलं, ‘‘त्या आजोबांचा नातू?’’

‘‘त्सुनामीत गेला.’’

‘‘आणि मी त्यांना फोन दाखवला,’’ त्या म्हणाल्या.

काळोख पडू लागला तेव्हा गावाचे तीनशे कंदील पाण्यात उतरले. पर्यटक बसमध्ये पडदे ओढून बसले होते. प्रल्हादराव कंदिलावरून काढलेला बायकोच्या नावाचा कागद हातात चुरगळत होते, टाकायला जागा सापडत नव्हती. हेमचंद्र धक्क्यावर उभा राहिला. ओनोदेरा दोन कंदील घेऊन त्याच्या शेजारून पाण्याकडे गेले आणि त्याच वाटेने परत आले. थांबले नाहीत.

सप्टेंबरमध्ये इचिकावा शहरातल्या त्याच्या खोलीवर पत्र आलं. दोन ओळी. पुढच्या वर्षापासून हा विधी फक्त गावकऱ्यांसाठी असेल, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. खाली समितीच्या अध्यक्षाचा शिक्का होता. त्यावरचं नाव ओनोदेरांचं नव्हतं.